लिंगाला आलेला वाक: पेरोनीजवर कोणता उपचार, कधी आणि कोणाकडे

दुकानात गर्दी असली की हे गिऱ्हाईक आत येत नाही. रस्त्यापलीकडे थांबतं, काउंटर मोकळं झालं की येतं आणि हलक्या आवाजात म्हणतं, "मालक, ती हिरवी कॅप्सूल द्या की एक पाकीट." वय पंचेचाळीस ते साठच्या मधलं, बऱ्याचदा शुगरची गोळी चालू असलेलं. चिठ्ठी नसते. दोन-तीन फेऱ्या झाल्या की एक दिवस धीर करून बोलतं: ताठरता आली की लिंग एका बाजूला वाकतं, आत कडक गाठ लागते, दुखतं. आणि पाठोपाठ, "कॅन्सर तर नाही ना?"

सोलापुरात मी वीसहून जास्त वर्षं मेडिकल चालवतोय. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण या आजारावर लोक काय काय घेतात, किती महिने घेतात आणि शेवटी कुठे पोहोचतात, हे माझ्या काउंटरवरून दिसतं. औषध चुकतं ते एक, पण वेळ चुकते ती जास्त महागात पडते. म्हणून ज्या क्रमाने पावलं टाकायची त्याच क्रमाने लिहितो.

आधी आजार समजून घ्या

लिंगात स्पंजासारख्या दोन लांबट नळ्या असतात. त्यात रक्त भरलं की ताठरता येते. त्यांच्याभोवती एक चिवट, ताणलं जाणारं आवरण असतं, ट्युनिका अल्बुजिनिया. या आवरणात एका जागी व्रणासारखी कडक पट्टी तयार होते, तिला डॉक्टर प्लाक म्हणतात. सायकलच्या ट्यूबला एका बाजूला पंक्चरचा पॅच असला आणि हवा भरली, तर पॅचची बाजू फुगत नाही आणि ट्यूब तिकडेच वळते. इथे नेमकं तेच होतं. पट्टी वरच्या बाजूला असेल तर वाक वर, डाव्या बाजूला असेल तर डावीकडे. काहींना वाक नसतो, मधेच डमरूसारखी खाच पडते, किंवा लांबी कमी झाल्यासारखी वाटते.

फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे शल्यवैद्य फ्रांस्वा द ला पेरोनी यांनी १७४३ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून या आजाराला पेरोनीज हे नाव. संभोगाच्या वेळी बसलेले बारीकसारीक मार, जे बहुतेकांच्या लक्षातही राहत नाहीत, ते भरून येताना काही जणांच्या शरीरात कोलॅजन, म्हणजे व्रण भरणारं चिवट प्रथिन, गरजेपेक्षा जास्त साठतं. मधुमेह, धूम्रपान आणि वाढतं वय यांच्याशी संबंध दिसतो. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरही हा त्रास सुरू होऊ शकतो. तळहाताच्या कातडीखाली गाठी येऊन बोटं आत ओढली जातात, त्या ड्युपिट्रेन्स नावाच्या आजाराशी तर याचं जवळचं नातं आहे. तुमची करंगळी किंवा अनामिका पूर्ण सरळ होत नसेल तर डॉक्टरांना ते जरूर सांगा.

हा कॅन्सर नाही. गरमी-परमा नाही. बायकोकडून आला नाही आणि तिला होणार नाही. हस्तमैथुनाची शिक्षा तर मुळीच नाही. तरुणपणापासून थोडा वाक असेल आणि गाठ नसेल तर ती जन्मजात ठेवण, तो वेगळा विषय. मात्र कातडीवरच जखम, न भरणारा व्रण किंवा रक्त दिसत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पेरोनीजची गाठ कातडीखाली असते, वरची कातडी तिच्यावरून सरकते.

दोन काळ: पेटलेला आणि निवलेला

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. सुरुवातीचा काळ साधारण सहा महिने ते दीड वर्ष चालतो. या काळात दुखतं, गाठ बदलते, वाक वाढत जातो. मग दुखणं थांबतं आणि वाक आहे तिथे स्थिरावतो. तीन महिने वाकात काही फरक पडला नाही आणि दुखत नसेल, तर आजार निवला असं धरतात.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोणताही उपचार न घेतलेल्या २४६ पुरुषांवर सरासरी दीड वर्ष लक्ष ठेवलं होतं. वाक आपोआप कमी झाला १२ टक्क्यांचा. ४० टक्के होते तसेच राहिले, ४८ टक्क्यांचा वाढला. पण वेदना ८९ टक्क्यांची थांबली.

हे आकडे नीट वाचा, कारण या आजारावरचा सगळा बाजार त्यावर उभा आहे. दुखणं बहुतेकांचं आपोआपच जातं. त्या काळात तुम्ही जे काही घेत असाल, मग ते तेल असो, पुडी असो, साबुदाण्यासारख्या गोळ्या असोत की महागडं मशीन, गुण त्यालाच आला असं वाटतं. आणि वाक तसाच राहतो.

पहिली पायरी: मोजा

डॉक्टरांकडे जाण्याआधीच हे करा. तपासणीच्या खोलीत ताठरता येत नाही, मग डॉक्टरांना वाक दिसणार कसा? घरी पूर्ण ताठरता असताना तीन फोटो काढा: वरून, बाजूने, समोरून. चेहरा येऊ देऊ नका. फोन घरातल्या पोरांच्या हातात जातो, म्हणून फोटो लॉक असलेल्या फोल्डरमध्ये टाका आणि ते आपोआप क्लाउडवर जात नाहीत ना, तेही बघा.

मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या. बाजूच्या फोटोवर बुंध्याकडच्या सरळ भागाची रेघ धरा, टोकाकडच्या भागाची रेघ धरा आणि सरळपणापासून किती अंश वळलं ते लिहा. लांबी मोजताना पट्टी ओटीपोटाखालच्या हाडाला टेकवा आणि लिंग हलकं ताणून टोकापर्यंत मोजा. तारीख, कोन, लांबी, दुखणं आहे की नाही, ताठरता पुरेशी येते का, एवढं एका वहीत लिहा. महिन्यातून एकदा बस. रोज मोजू नका, रोज मोजणारा माणूस खचतो.

पुढचा प्रत्येक निर्णय या वहीवरून होतो. कुणी कितीही खात्रीने "फरक पडतोय" म्हटलं तरी फरक वहीत दिसला पाहिजे.

दुसरी पायरी: योग्य डॉक्टर

हवा तो युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्ररोग शल्यचिकित्सक. पाटीवर एम.एस.नंतर एम.सीएच. युरॉलॉजी किंवा डीएनबी युरॉलॉजी आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा. 'गुप्तरोग, हमखास इलाज' अशा पाट्या, एसटी स्टँडजवळच्या भिंतींवरचे कागद आणि लॉजमध्ये महिन्यातून एक दिवस बसणारे यांच्यापासून लांब राहा. लिंगाचा आकार सुधारण्याचा दावा करणारं औषध या देशात विकताच येत नाही, ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स नियमांच्या शेड्यूल जे मध्ये ते स्पष्ट आहे. कामशक्ती वाढवण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे पाटीच बेकायदेशीर.

खासगीत जायला पैसे नसतील तर सिव्हिलला, म्हणजे आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, सर्जरीच्या ओपीडीत दाखवा. पुढे कुठे पाठवायचं ते तिथले डॉक्टर ठरवतात. केसपेपरच्या खिडकीवर मागे रांग असते, ओळखीचं कुणीतरी निघतंच. तिथे "लघवीच्या जागेचा त्रास, सर्जरीला दाखवायचंय" एवढं पुरे. बाकीचं आत बोला.

डॉक्टर हाताने गाठ तपासतात. ताठरता कमी असेल किंवा ऑपरेशनचा विचार असेल तर पेनाइल डॉपलर करतात: इंजेक्शनने ताठरता आणून सोनोग्राफीने रक्तप्रवाह बघतात, कोनही नीट कळतो. एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या इंजेक्शननंतर ताठरता चार तास उतरली नाही तर रात्र असो की दिवस, लगेच परत जायचं. एमआरआय किंवा सीटी स्कॅन सहसा लागत नाही. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, मात्र करून घ्या. ताठरता कमी होणं ही काही वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्या आखडत चालल्याची आगाऊ सूचना असते, म्हणून बीपी आणि कोलेस्टेरॉलही तपासा.

तिसरी पायरी: पेटलेल्या काळात काय करायचं

दुखण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी, तीही किडनी आणि शुगर बघूनच. मावा, तंबाखू, बिडी-सिगारेट बंद. शुगर ताब्यात. ताठरता पुरेशी नसेल तर अनेक डॉक्टर टॅडालाफिल कमी डोसमध्ये रोज देतात. अर्धवट ताठर अवस्थेत संबंध ठेवला की लिंग मुडपतं आणि नवा मार बसतो, म्हणून ताठरता सुधारणं महत्त्वाचं. पण हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल, किंवा छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असेल, तर टॅडालाफिल आणि सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) दोन्ही वर्ज्य. बीपी इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. चिठ्ठीशिवाय ही गोळी मागणाऱ्याला मी परत पाठवतो, ते याचसाठी.

आता ती हिरवी कॅप्सूल. व्हिटॅमिन ई १९४० च्या दशकापासून या आजारात दिलं जातंय. स्वस्त आहे, घेतल्यावर काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की व्हिटॅमिन ई, टॅमॉक्सिफेन, ओमेगा-३ आणि व्हिटॅमिन ई-कार्निटिनची जोडगोळी देऊ नका, वाकावर उपयोग नाही. मी स्वतः अनेक वर्षं ही पाकिटं विकली आणि काही बोललो नाही. आता सांगतो. कोल्चिसिनही काही जण देतात, त्याने जुलाब होतात. पेंटॉक्सिफायलिन काही डॉक्टर देतात, त्याच्यामागचा पुरावा छोटा आहे. दिलीच तर किती महिन्यांनी वहीत काय फरक दिसला पाहिजे, ते त्याच वेळी विचारून घ्या.

चौथी पायरी: ताण देणारं उपकरण

घरी, पेटलेल्या काळातही करता येणारा आणि काही आधार असलेला उपाय म्हणजे ट्रॅक्शन. उपकरणात लिंग हळूहळू, ठरलेल्या जोराने ताणून धरतात. सततच्या सौम्य ताणाने व्रणाची ऊती सैल होते, हेच तत्त्व. जुनी उपकरणं रोज तीन-चार तासांहून जास्त लावावी लागत, म्हणून लोक कंटाळून सोडत. नव्या प्रकारात अर्धा तास, दिवसातून एक-दोनदा, निदान तीन महिने. वाक काही अंशांनी कमी होतो आणि लांबीचं नुकसान थोडं भरून येतं. लिंग एकदम सरळ होईल ही अपेक्षा ठेवू नका.

लावून झोपायचं नाही. टोक निळं-जांभळं पडलं, बधिर झालं किंवा गार लागलं की लगेच काढायचं. शुगरमुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झालीय त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण इजा झालेली त्यांना कळत नाही. व्हॅक्यूम पंप हा दुसरा प्रकार. तोही सौम्य दाबाने, बुंध्याला रबरी रिंग न लावता, डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय नको. ऑनलाइन मिळणारी नाव-गाव नसलेली उपकरणं घेऊ नका, त्यात ताण किती बसतोय हे कळायला मार्ग नसतो.

पाचवी पायरी: गाठीत इंजेक्शन

कोलॅजिनेझ हे कोलॅजन विरघळवणारं एन्झाइम. अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये पेरोनीजसाठी मंजूर झालं. निवलेला आजार, ३० अंशांहून जास्त आणि ९० हून कमी वाक, ताठरता ठीक, अशांसाठी. जास्तीत जास्त चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन इंजेक्शनं. मोठ्या चाचण्यांमध्ये वाक सरासरी ३४ टक्के कमी झाला, खोटं इंजेक्शन दिलेल्यांमध्ये १८ टक्के. म्हणजे ६० अंशांचा वाक ४० च्या आसपास आला. कुणासाठी एवढ्याने संसार सुरळीत होतो, कुणासाठी नाही. धोकाही आहे: आवरण फाटून लिंगाला फ्रॅक्चर होण्याचं प्रमाण थोडं असलं तरी आहे. युरोपच्या बाजारातून हे औषध २०२० मध्ये कंपनीने काढून घेतलं. तुम्हाला कुणी सुचवलं तर औषध कुठून येणार, किती डोस लागतील आणि सगळा खर्च किती, हे लेखी घ्या.

व्हेरापामिल हे बीपीचं जुनं औषध, ते थेट गाठीत टोचतात. साधारण दर दोन आठवड्यांनी, बारापर्यंत इंजेक्शनं. स्वस्त पडतं, पुरावा मध्यम. इंटरफेरॉन अल्फा-२बी हेही गाठीत टोचतात, त्यानंतर ताप आणि अंगदुखी येते. स्टेरॉईडचं इंजेक्शन मात्र कुणी गाठीत देतो म्हणालं तर नको म्हणा, आजूबाजूची ऊती झिजते आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं.

शॉकवेव्ह, म्हणजे बाहेरून लहरींचे झटके देणाऱ्या मशीनची पॅकेजं हल्ली जोरात विकली जातात. त्याच २०१५ च्या सूचनांप्रमाणे शॉकवेव्ह वेदनेसाठी चालेल, वाकासाठी वापरू नये. वेदना तशीही जाणारच असते. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग टोचणं) आणि स्टेम सेल अजून प्रयोगाच्या पातळीवर आहेत. प्रयोगात भाग घ्यायचा तर तो फुकट असतो, पॅकेज घेऊन नव्हे.

सहावी पायरी: ऑपरेशन

वाक निवल्याशिवाय ऑपरेशन नाही. आज सरळ केलं आणि आजार आत चालूच असला तर लिंग पुन्हा वाकतं. बहुतेक सर्जन सुरुवातीपासून वर्षभर थांबतात. आणि संबंधात अडचण येत नसेल तर ऑपरेशनची गरजच नाही. ३० अंशांपर्यंतच्या वाकासह पुष्कळ जोडपी सुखाने राहतात.

ताठरता चांगली आणि वाक साधारण ६० अंशांपेक्षा कमी असेल तर प्लिकेशन, किंवा रीड नेसबिट यांनी रूढ केलेली पद्धत: वाकाच्या उलट बाजूला टाके घालून किंवा छोटा तुकडा काढून लिंग सरळ करतात. यश चांगलं येतं. लांबी थोडी कमी होते, टाक्यांच्या गाठी हाताला लागू शकतात. ६० हून जास्त वाक किंवा खोल खाच असेल तर प्लाकवर छेद देऊन तिथे ठिगळ लावतात, पायाच्या शिरेचं किंवा तयार मिळणाऱ्या ऊतीचं. यात लांबी टिकते, पण नंतर ताठरता कमी होण्याचा आणि टोक बधिर होण्याचा धोका जास्त. ताठरता गोळ्यांनीही येत नसेल तर रोपण, म्हणजे पेनाइल प्रोस्थेसिस. ते बसवतानाच वाकही काढता येतो. फुगवायचं रोपण महाग. अर्धलवचीक रोपण त्याहून स्वस्त, त्यात मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी विकसित केलेलं भारतीय बनावटीचंही आहे. शुगर जास्त असताना रोपण केलं तर जंतुसंसर्ग होऊन ते काढावं लागू शकतं.

सर्जनना हे प्रश्न विचारा: अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत? माझ्या वहीतल्या कोनाला ही पद्धत का? लांबी किती जाईल? सुंता करावी लागेल का? शेवटचा प्रश्न मुद्दाम लिहिला. छेद घेण्यासाठी कातडी मागे सारावी लागते आणि कधी कधी सुंता करतात. हे आधी न सांगितल्यामुळे शुद्धीवर आल्यावर हादरलेला माणूस मी पाहिलाय. सोलापुरात सोय नसेल तर पुणे, मुंबई किंवा हैदराबाद. जाताना वही आणि फोटो सोबत. नंतर साधारण सहा आठवडे संबंध बंद.

आयुर्वेद, होमिओपॅथी आणि घरचे उपाय

आयुर्वेदाला मी नावं ठेवणार नाही. शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले वैद्य गावात आहेत. झोप, वजन, पोट, तंबाखू सोडणं यात त्यांचा हात धरायला हरकत नाही. अश्वगंधा किंवा शिलाजीत प्लाक विरघळवतं याला मात्र भक्कम पुरावा नाही. भस्म असलेली औषधं नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीशिवाय नकोत, त्यात धातू असतात. 'शंभर टक्के हर्बल' लिहिलेल्या ताकदीच्या गोळ्यांमध्ये सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलंय, आणि नायट्रेट घेणाऱ्यासाठी ते किती घातक हे वर आलंच आहे. होमिओपॅथीत व्रणावर थायोसिनामिनम देतात, वाक कमी होतो असं सिद्ध झालेलं नाही.

खरी इजा होते ती घरच्या उपायांनी. आपल्याकडे कुठेही दुखलं की बिब्बा लावायची सवय. बिब्ब्याचं तेल नाजूक कातडीवर लागलं की फोड येतात, कातडी सोलते. असा माणूस मी सिव्हिलला पाठवलाय. गाठ "फोडण्यासाठी" जोरात मालिश करणं म्हणजे ज्या मारातून आजार सुरू झाला तोच रोज नव्याने देणं. गरम विटेचा शेक शुगरवाल्याला भाजतो आणि त्याला कळतही नाही. हाताने ओढून सरळ करायला जाऊ नका. संबंधाच्या वेळी 'कट' असा आवाज येऊन ताठरता एकदम गेली, सूज आली, काळंनिळं पडलं, तर ते फ्रॅक्चर. त्याच दिवशी ऑपरेशन लागतं. सकाळची वाट बघू नका.

घरात बोलणं

जवळपास निम्म्या पेरोनीज रुग्णांमध्ये उदासीची लक्षणं आढळतात. आपल्याकडे त्यावर आणखी एक ओझं असतं: नवरा टाळतोय म्हणजे बाहेर काहीतरी आहे, असं बायकोला वाटू लागतं. दोन खोल्यांचं घर, आई-वडील, पोरं, बोलायला जागा नाही. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर संध्याकाळी फेरी मारायला दोघंच जा आणि सांगा: मला असा आजार झालाय, नाव हे, संसर्गाचा नाही, तुझ्यामुळे नाही. पुढच्या वेळी ओपीडीत तिला सोबत न्या. संबंध ठेवायचे असतील तर वंगण म्हणून जेल वापरा, घाई नको, आणि पत्नी वर असलेली स्थिती टाळा, त्यात लिंग मुडपण्याचा धोका असतो.

जीव नकोसा वाटायला लागला तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास फुकट चालतो आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगावं लागत नाही.